बिनचेहऱ्याचा मुडदा

फार फार वर्षांपूर्वी एक राज्य होतं. तिथल्या राजाचं नाव आता कुणालाच आठवत नाही आणि त्यावाचून आपलं काही अडतही नाही. त्या राज्यातल्या एका गावात सावल्यांचा खेळ करणारा एक खेळिया होता. पांढरा पडदा ताणायचा, मागे दिवा ठेवायचा आणि चामड्याची चित्रं पडद्याला टेकवून गोष्ट सांगायची, हा त्याचा पिढीजात धंदा. चित्रं त्याची बायको कोरायची.

देवीच्या जत्रेत खेळ करण्याचा मान त्यांच्याच घराकडे होता. पण देव-दैत्यांच्या त्याच त्या लढायांना लोक कंटाळले होते. एक दिवस पाटील म्हणाला, "यंदा माणसं जमली नाहीत, तर मान दुसऱ्यांना द्यावा लागेल. मग मला बोल लावू नकोस."

खेळिया हुशार होता. त्याने नवीच गोष्ट रचली. एका गावात खून होतो आणि खुनी गावातलाच असतो.

पहिल्या संध्याकाळी पडद्यावर गौतमी कोष्टीण आली. मागावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारणारी, दुसऱ्याचं बोलणं कधी पुरं होऊ न देणारी, आपल्या शेळीशी भांडणारी. बायकोने तिच्या हनुवटीवरचं गोंदणसुद्धा कोरलं होतं. लोक पोट धरून हसले. आणि खेळ संपता संपता गौतमी मागावरच मरून पडलेली दिसली.

लोक गुपचूप घरी गेले. सकाळी पाणवठ्यावर दुसरा विषय नव्हता. "तिच्या शेळीला आता कोण बघणार गं?" असं म्हणून एका बाईने चक्क डोळ्यांना पदर लावला.

दुसऱ्या दिवशी मैदानात मुंगी शिरायला जागा नव्हती. इथेच खेळियाचं चुकलं. त्याला वाटलं, ही गर्दी रक्ताने खेचून आणली.

"आज आणखी दोन खून करू," तो बायकोला म्हणाला. "उद्या चार."

"अहो, इतकी माणसं मी कोरू कधी?"

"चेहरे हवेत कशाला? मरायचंच तर आहे त्यांना."

"मरायच्या आधी घटकाभर जगू तरी द्या त्यांना," ती म्हणाली. पण गर्दी बघितलेल्या माणसाला घरचं बोलणं ऐकू येत नाही.

मग तिने माणसाच्या आकाराचा चामड्याचा एक तुकडा कापून दिला. नाक नाही, डोळे नाहीत. तोच रोज मरू लागला. कधी विहिरीत, कधी उकिरड्यावर, कधी देवळामागे. भीती वाढावी म्हणून खेळियाने दिव्याची वातही बारीक केली.

अशाच एका संध्याकाळी मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, हा तर कालच मेला होता." सगळं मैदान हसलं. खुनाच्या गोष्टीत एकदा असं हसू फुटलं, की मग आवरत नाही. "रोज मरे त्याला कोण रडे," म्हणत म्हातारी माणसं धोतर झटकून उठली.

मला त्या खेळियासाठी फार वाईट वाटतं. कारण त्याने शेवट खरोखर सुंदर रचला होता. ज्या शेजाऱ्याला गौतमी रोज आपल्यातली अर्धी भाकरी द्यायची, तोच खुनी निघणार होता. वेळेवर सांगितला असता, तर गाव ढसाढसा रडलं असतं.

शेवटच्या संध्याकाळी मोजकीच माणसं उरली होती. खेळियाने शेजाऱ्याला पडद्यावर आणलं आणि कापऱ्या आवाजात वदवलं, "होय, गौतमीला मीच मारलं."

पुढे बसलेल्या पाटलाने बाजूच्या माणसाला विचारलं, "गौतमी कोण रे?"

"असेल त्या मेलेल्यांपैकी कुणी," तो जांभई देत म्हणाला.

पडद्यामागे दोघांनीही ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी मान गेला. खेळियाने वाद घातला नाही. पडद्याची घडी घालताना त्याने बायकोला एवढंच विचारलं, "शेवट चांगला होता ना गं?"

"चांगला होता," ती म्हणाली. "पण लोकांच्या आधी आपणच तिला विसरलो."

तेव्हा लहानथोरांनो, ध्यानात ठेवायचं ते एवढंच: ज्याचं जगणं ओळखीचं नाही, त्याच्या मरणाने कुणाचे डोळे भरत नाहीत.