आखूड रेघ

स्वरलिपीच्या कागदावरच्या त्या प्रदेशात जागेवरूनच स्वराचे नाव ठरे. वर पाच रेषांचे एक राज्य होते, खाली पाच रेषांचे दुसरे. मधे कोरा, रुंद पट्टा. प्रत्येक राज्याच्या डाव्या टोकाला एक कुंजी, म्हणजे मोठी वळणदार खूण, पहाऱ्यावर असे. स्वर कोणत्या रेषेवर वा कोणत्या फटीत आहे हे पाहून ती त्याचे नाव पुकारी. जागा सुटली की स्वराचा नुसता ठिपका होई, आणि ठिपक्याला कोणी वाजवीत नसे.

षड्ज कोऱ्या पट्ट्यात राहत असे. त्याला राज्य नव्हते. त्याच्या पोटातून आरपार गेलेली, दोन्ही बाजूंना तिळभर उरणारी एक आखूड रेघ, एवढीच त्याची जागा. त्याच्या वर, वरल्या राज्याच्या तळरेषेला रिषभ लटकलेला असे. खाली, खालच्या राज्याच्या माथ्यावर निषाद उभा असे.

एके दिवशी दोन्ही कुंज्यांचे प्रथमच एकमत झाले: पट्ट्यात रेघ नको. खोडरबर बोलावण्यात आला.

"कुणाचा रे तू?" वरच्या कुंजीने विचारले.

"दोघींचा," षड्ज म्हणाला. "तुमच्याकडून उतरणारा माझ्यावरून जातो, यांच्याकडून चढणाराही."

"दोघींचा म्हणे!" खालची कुंजी हसली. "मग जेवायला कुणाकडे असतोस?"

रिषभाने घाईने सांगितले, "बाईसाहेब, मी आपला शेजारी लटकतो. आमची ओळख नाही."

निषाद मात्र हळूच म्हणाला, "तो नसला तर माझं एकही गाणं संपायचं नाही."

"तुला विचारलंय का?" दोघी एकदम कडाडल्या.

रबर पुढे सरकला. रेघ गेली की षड्जाचे नावही जाणार होते. "पुसण्याआधी मोजा," तो म्हणाला. "तुमच्या दोन रेषांत जेवढं अंतर, तेवढ्यानंच मोजा. रेघ चुकीच्या जागी निघाली, तर मीच बाजूला होतो."

हे अतिक्रमण दुसरीच्याच हद्दीतले ठरेल, अशी प्रत्येकीला खात्री होती. म्हणून मोजणीला दोघींनी रुकार दिला. पट्टी आली. तिच्यावर माप एकच, दोन रेषांमधले. रुंद पट्ट्याला ते पुरेना. तेव्हा मोजणीपुरते वरचे राज्य खाली आणि खालचे वर सरकवण्यात आले, रेघेशी माप जुळेपर्यंत.

माप जुळले. वरूनही जुळले, खालूनही. जन्मभर लटकलेला रिषभ एका फटीत नीट बसला. निषादही बसला. पट्टीने वरपासून रेषा मोजल्या, पुन्हा मोजल्या; आखूड रेघ धरून अकरा भरल्या, आणि अंतरात कुठे केसाचाही फरक सापडला नाही. हद्द कुठे होती, ते कुणालाच दाखवता येईना.

"मोजणी झाली ना?" वरची कुंजी म्हणाली. "पुसा आता."

"पुसा," खालची म्हणाली.

षड्जाने डोळे मिटले. रबराने रेघेच्या डाव्या टोकाशी अंग टेकले, आणि तो तिथेच थांबला. रेघ संपत होती तिथून पुढचा कागद आधीच झिजलेला होता. त्या झिजेत रेषेच्या जाडीची एक बारीक खोबण होती. ती डावीकडे सरळ दोन्ही कुंज्यांच्या मधोमध जात होती, उजवीकडे थेट समासापर्यंत; आणि तिच्या काठांना रबराचा जुना, काळवंडलेला चुरा अजून चिकटून होता.