टाळ्या मिळवणारा पेशंट

एका तालुक्याच्या गावात एक कॉलेज होतं आणि त्या कॉलेजात एक दमलेल्या बाई होत्या. त्यांचं नाव दमयंती बागूल. कॉलेजचं व्यसनमुक्ती केंद्र त्या एकट्या चालवत. केंद्र म्हणजे जिमखान्यामागची एक खोली. तिथे पूर्वी क्रिकेटच्या बॅटा ठेवत.

होस्टेलची पोरं बाईंशी मोकळेपणाने बोलत नसत. मित्राशी बोलत. म्हणून बागूल मॅडम दर वर्षी काही विद्यार्थ्यांनाच समुपदेशनाचं शिक्षण देत. दर वर्षी नवी मुलं येत. पहिल्या आठवड्यात त्यांना सगळं होस्टेल सुधारायचं असे. दिवाळीनंतर निम्मी गळत. मॅडम पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. तेच धडे, तीच वाक्यं. उपदेश करू नका, मध्येच तोडू नका, गप्प राहायला शिका. हे सांगताना आताशा त्यांचं स्वतःचंच लक्ष नसे.

शिकवण्याची त्यांची एक रीत होती. तिला मुलं ‘खोटी बैठक’ म्हणत. एकाने व्यसनी पेशंट व्हायचं, दुसऱ्याने समुपदेशक. बाकीच्यांनी बघायचं. मुलं लाजू नयेत म्हणून शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, असा नियम मॅडमनीच घातला होता.

त्या वर्षीच्या मुलांत निनाद सोनार नावाचा मुलगा होता. पेशंट करावा तर त्यानेच. इतर मुलं नुसतं डोकं धरून बसत. निनाद बोलू लागला की खोली गप्प होई.

“निन्या, आज जरा बेतानं रड हं,” पोरं म्हणत. “आम्हाला नंतर मेसमध्ये जेवायचंय.”

निनादही हसे. मॅडमही हसत. एक तरी मुलगा मनापासून काम करतोय, एवढंच त्यांना पुरे होई.

एक दिवस संस्थेचे अध्यक्ष केंद्र बघायला आले. खोली सेमिनार हॉलसाठी हवी होती, त्यामुळे केंद्र चालू ठेवायचं की नाही हे ते ठरवणार होते. मॅडमनी फार विचार केला नाही. पेशंट निनाद आणि समुपदेशक ऋजुता दांडेकर, अशी जोडी बसवली. ऋजुताला सगळी वाक्यं पाठ होती.

बैठक सुरू झाली. ऋजुताने विचारलं, “तुला कधीपासून त्रास होतोय?”

निनाद म्हणाला, “खोकल्याचं औषध मी एका दुकानातून घेत नाही. चेहरा लक्षात राहतो. रिकाम्या बाटल्या मोज्यात गुंडाळतो, नाहीतर सॅकमध्ये वाजतात. रविवारी आईचा फोन येतो. तो होईपर्यंत घेत नाही. आई विचारते, आज आवाज बरा वाटतोय, सर्दी गेली का रे?”

“मी तुझी अडचण समजू शकते,” ऋजुता म्हणाली.

मागच्या रांगेत बागूल मॅडम एकदम पुढे सरकून ऐकू लागल्या. इतक्या वर्षांत त्यांनी किती खरे पेशंट ऐकले होते. सोंग करणारा कारणं सांगतो: बाप मारतो, मित्र वाईट, परीक्षा बुडाली. खरा माणूस कारणांत शिरत नाही. तो आपली सोय कशी लावतो ते सांगतो. मोज्याची गोष्ट कुणी बसून रचत नाही. आणि ही गोष्ट त्या आज पहिल्यांदा ऐकत नव्हत्या. मागेही ऐकली होती. तेव्हा त्यांनी घड्याळ बघितलं होतं.

बैठक संपली. टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी तर उठून वाजवल्या. मॅडम निनादजवळ गेल्या आणि हळूच म्हणाल्या, “निनाद, हे तुझंच आहे का रे?”

त्याने मान वर केली नाही. “दर वेळी सांगत होतो, मॅडम. वाटायचं, कुणीतरी थांबवेल. तुम्ही सगळ्यांनी दर वेळी टाळ्याच वाजवल्या.”

तेवढ्यात अध्यक्षांनी हाक मारली. “बागूल मॅडम! पेपरवाले आत्ता पोचलेत. या पोराला तेवढं पुन्हा करायला सांगा. काय ॲक्टिंग करतो हो!”

निनाद सवयीने खुर्चीकडे वळला. मॅडमनी त्याचं मनगट धरलं.

“आज पुन्हा होणार नाही, साहेब.”

“अहो, पाच मिनिटांचं काम!”

“नाही होणार.”

“कारण?”

कारण सांगितलं असतं तर अध्यक्ष लगेच विरघळले असते. कदाचित खोलीही वाचली असती. पण पेशंटची गोष्ट पेशंटची असते, हे मॅडमनी स्वतःच मुलांना शिकवलं होतं. “माझी तब्येत बरी नाही,” त्या म्हणाल्या. हे फारसं खोटंही नव्हतं.

“मग खोलीचा आग्रहही धरू नका,” अध्यक्ष म्हणाले आणि निघून गेले. पेपरवाले चहा पिऊन गेले. ऋजुता रडवेली झाली. “मॅडम, माझं काही चुकलं का?”

“तू मी शिकवलं तसंच केलंस, बाळ. चुकलं ते तिथेच.”

ऋजुता गेल्यावर निनादने विचारलं, “आता माझं काय करणार?”

मॅडमकडे अशा वेळची दहा चांगली वाक्यं होती. ती बाजूला ठेवून त्यांनी विचारलं,

“आज घेतलंयस?”

“सकाळी.”

“चल. डॉक्टरांकडे जाऊ. मी बाहेर बसते, किती का वेळ लागेना.”

महिन्याभरात खोली गेली. केंद्र लायब्ररीच्या जिन्याखाली आलं. मॅडमचं दमणं काही संपलं नाही. निनाद व्यसनातून सुटला, पुन्हा घसरला, पुन्हा मॅडमकडे आला. खोट्या बैठका मात्र जिन्याखालीही चालू राहिल्या. आता त्या संपल्या की कुणी टाळ्या वाजवत नाही. समुपदेशक झालेला मुलगा पेशंट झालेल्याला बाजूला घेतो आणि विचारतो, “यातलं तुझं किती?” आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलत नाही.

तात्पर्य: दुःख चांगलं मांडणाऱ्याचं कौतुक पटकन करता येतं, ते त्याचं स्वतःचं आहे का, हे विचारायला मात्र दमलेल्या माणसानेही थांबलंच पाहिजे.