फर्मानातली कोरी जागा

समुद्र ओलांडून आलेल्या फिरंगी धर्मयोद्ध्यांनी जेरुसलेमच्या आसपास आपली राज्यं थाटली, तेव्हाची ही गोष्ट. सरदार गोतिएनं एक गढी जिंकली आणि लगोलग पायथ्याच्या गावातल्या जैतुनाच्या बागा जप्त करायचं फर्मान कारकुनाकडून लिहून घ्यायला सुरुवात केली.

गावचा म्हातारा मुखिया बुत्रुस धापा टाकत गढीवर पोचला. त्याच्या पणजोबानं लावलेली झाडं त्या बागांत होती.

"या मुलखाचा धनी मी!" गोतिए गरजला. "माझ्यावर कोणी नाही."

"खरंय, सरकार. पण फर्मानात हक्काचं कारण लिहायची तुमचीच रीत आहे. ती जागा कोरी दिसतेय."

"लिही रे कारकुना! ज्याची तलवार भारी, त्याची जमीन!"

कारकुनानं लिहिलं. गोतिएनं वितळलेल्या लाखेवर मारायला शिक्का उचलला. बुत्रुसनं हात जोडले.

"एक नक्कल मलाही द्या, सरकार. नदीपलीकडे सुलतानाची फौज उतरलीय, तुमच्या दुप्पट आहे म्हणतात. ते आले की हाच कागद पुढे करीन. गढी त्यांची झाली, हे तुम्हीच आधी लिहून दिलंय म्हणेन."

शिक्का हातातच राहिला. लाख थिजून गेली.

"मग काय लिहू?" गोतिएचा आवाज पार उतरला होता.

"ज्यानं झाड लावलं, जगवलं, त्याचं झाड," बुत्रुस म्हणाला. "आणि तुम्हीही चार झाडं लावा, सरकार. उद्या तुमच्या नातवंडांना कुणी हुसकायला आलं, तर हाच कागद त्यांच्या कामी येईल."