मानाजीराजांचा थंडगार महाल आणि पाच झिपरी कुत्री

“महालात एक केस दिसता कामा नये, आणि महाल उबदार राहिला पाहिजे!” मोरधारगडच्या मानाजीराजांनी हुकूम सोडला आणि त्याच दिवशी म्हाळूची चाकरी गेली.

त्यात म्हाळूची चूक काय होती? उत्तरेकडच्या एका व्यापाऱ्याने राजांना पाच झिपरी कुत्री नजराणा दिली होती, तीन काळी आणि दोन तांबूस. राजांचा त्यांच्यावर भारी जीव. कुत्री दिवसरात्र महालात असायची. त्यांना इथली हवा मानवेना, म्हणून केस तर असे गळायचे की म्हाळू या टोकापासून झाडत त्या टोकाला पोचेपर्यंत मागे पुन्हा केसांचे गोळे फिरू लागत! गालिच्यांत केस अडकतात म्हणून राजांनी गालिचे काढायला लावले. धुराने भिंतींवरची चित्रं काळी पडतात म्हणून शेगडी बंद केली. मग पौषातल्या थंडीत उघडी दगडी फरशी बर्फासारखी गार पडली, आणि राजांचे पाय गारठले की राग म्हाळूवर!

“उद्या गड उतरायचा, हौसे,” म्हाळू घरी येऊन बायकोला म्हणाला. “खाली कोण ओळखीचं आहे आपलं?”

हौसा धनगराची लेक. मेंढरांच्या कळपात वाढलेली, कुणाला न घाबरणारी. तिने पदर खोचला आणि थेट दरबार गाठला.

“महाराज, माझ्या नवऱ्याच्या जागी मला ठेवा. पौर्णिमेपर्यंत महाल स्वच्छही करते आणि उबदारही!”

कारभारी आबाजीपंत मिशीतल्या मिशीत हसले. “म्हाळूसकट तीन गडी दमले, आणि ही करणार!”

राजे हट्टाला पेटले. “ठीक! पण नीट ऐक. शेगडी नाही. गालिचा नाही. कुत्री महालातून हलायची नाहीत. बाहेरून चिंधीसुद्धा आत आणायची नाही. पौर्णिमेला मी येईन. जमलं नाही, तर दोघं गड उतरा!”

“महालात जे आहे ते वापरलं तर चालेल ना, महाराज?”

“महालात आहे काय? भिंती आणि कुत्री! खुशाल वापर!”

“आणि झाडलोटीला फणी, पाणी आणि रिठे?”

“घे! रिठ्याने ऊब येत असेल तर पोतंभर घे!” दरबार खो खो हसला. पौर्णिमेपर्यंत राजे राणीसाहेबांच्या महालात राहायला गेले.

हौसाने झाडू कोपऱ्यात उभा केला. पडलेला केस शोधत बसण्यापेक्षा तो पडायच्या आधीच धरलेला बरा, हे तिला मेंढरांनी शिकवलं होतं. रोज दुपारी ती दक्षिणेची खिडकी उघडायची. उन्हाचा पट्टा फरशीवर आला की कुत्री आपणहून त्यात लोळायची. मग एकेकाला मांडीशी घेऊन ती फणी चालवायची. काळ्यांतलं सर्वांत थोरलं कुत्रं पहिल्या दिवशी गुरगुरलं. तिसऱ्या दिवशी तेच सगळ्यांत आधी येऊन पोट वर करून पडलं! ऊन उतरलं की हौसा खिडकी लावून घ्यायची. फटींतून वारा यायचा, तिथे केसांचे घट्ट बोळे कोंबायची.

उरलेल्या केसांचा ढीग महालाच्या न्हाणीत वाढत होता. म्हाळूने तो पाहिला आणि कपाळाला हात लावला. “अगं, हे जाळून टाक! कारभाऱ्यांनी पाहिलं तर आजच हाकलतील!”

“जाळायला नाही जमवलं. तुम्ही फक्त बाहेरच्या चुलीवर पाणी तापवून द्या,” हौसा म्हणाली. पण रात्री तिलाही झोप लागली नाही. मेंढीच्या लोकरीचं तिने पुष्कळ केलं होतं, कुत्र्याच्या केसांचं कधीच नाही.

पौर्णिमा आली. काश्मिरी शाल पांघरून मानाजीराजे महालात शिरले. मागून आबाजीपंत आले ते थेट गुडघ्यांवर बसून फरशी तपासायला लागले. कोपरे पाहिले, खांबांमागे पाहिलं. अचानक ओरडले, “सापडला! महाराज, केस!”

चिमटीत बोटभर पांढरा केस होता.

“पंत,” हौसा शांतपणे म्हणाली, “आमची कुत्री काळी आणि तांबूस. पांढरं कोण आहे इथे?”

सगळ्यांच्या नजरा पंतांच्या मिशीकडे वळल्या. पंतांनी घाईघाईने मिशी झाकली!

राजे ओठ दाबत पलंगाकडे गेले आणि थबकले. पायाखाली काहीतरी मऊ, उबदार लागत होतं. पलंगाभोवती जाडजूड अंथरूण पसरलेलं, काळ्या-तांबड्या पट्ट्यांचं.

“बाहेरून आणलंस!”

“नाही महाराज. आमचे लोक लोकर भिजवून, मळून, लाटून जेन करतात, तसं हे जेन. न्हाणीतच केलंय. कशाचं, ते त्यांनाच विचारा!”

पाचही कुत्री अंथरूण हुंगत आली आणि शेपट्या हलवत त्यावर पसरली. राजांच्या भुवया वर चढल्या.

“म्हणजे हे केस! एक दिसता कामा नये म्हटलं, आणि तू लाखभर अंथरलेस!”

हौसाने हात जोडले.

“महाराज, आपल्या खांद्यावर काय आहे?”

“दिसत नाही? काश्मिरी शाल!”

“कशाची असते ती?”

“बकरीच्या के...” राजे मध्येच थांबले.

“मग आपल्या खांद्यावर बकरीचे केस पडलेत, असं कुणी म्हणेल का, महाराज? नुसते पडले तर ते केस. माणसाच्या हाताखालून गेले की कुठे शाल, कुठे जेन!”

राजे असे खदाखदा हसले की कुत्रीसुद्धा भुंकायला लागली! त्यांनी जोडे काढले, अनवाणी पाय जेनवर टेकवले आणि डोळे मिटून म्हणाले, “म्हाळू, उद्यापासून कामावर ये. हौसा, कुत्री आणि त्यांचा प्रत्येक केस तुझ्या ताब्यात. वर्षाला दोन पोती धान्य जास्त!”

मग खांद्यावरची शाल काढून त्यांनी तिच्या हातावर ठेवली.

“आणि ही बकरीही घेऊन जा!”