हाकेच्या तळ्यावर नवऱ्याचं नाव

एका बाईचा आवाज मला आठवतो. अगदी लहानपणचा. आईच्या कडेवर बसून मी पहिल्यांदा या तळ्यावर आलो होतो म्हणे. लग्न कोणाचं होतं, आठवत नाही. आवाज तेवढा राहिला. बाईनं "बिरू" अशी हाक मारली, पलीकडच्या काठावरून पुरुषाचा "ओ" आला, आणि तो "ओ" आधी त्या बसक्या डोंगरावरून, मग या उंच सुळक्यावरून परत आला. जणू डोंगरही ओ देत होते.

बसा, इथं कातळावर बसा. पाण्यात पाय घालाल तर जपून; काठाला गाळ आहे, दिसत नाही. बसका डोंगर तो रांजण्या. सुळका ती तिवई. मधल्या खिंडीतून तुम्ही वर आलात. एवढ्या उंचावर पाणी बारा महिने कसं टिकतं, ते मला ठाऊक नाही. याला हाकेचं तळं का म्हणतात, ते मात्र आजीनं सांगितलं तसं सांगतो.

फार पूर्वी या काठावर आमच्या गवळी धनगरांची चार खोपटं होती. त्यातलं पाण्याच्या सगळ्यात जवळचं धुळाजीचं. त्याची बायको कोंडाई ही त्याच्या मामाचीच मुलगी. लहानपणी ती त्याला धुळ्या म्हणून चिडवायची, असं सांगतात. लग्न झालं आणि ते नाव तिच्या तोंडातून गेलं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं तेव्हा बायका मानत. कोंडाई त्याला "अवो" म्हणायची. उखाण्यातसुद्धा नाव इतकं हळू घ्यायची की बायका म्हणायच्या, "कोंडे, आम्हाला नाही तर निदान म्हशीला तरी ऐकू जाऊ दे."

एका श्रावणात तिन्हीसांजेला कोकणातून धुकं चढलं. म्हशी परतल्या, एक पारडी राहिली. कोंडाई दोर घेऊन तिला बघायला निघाली. धुळाजी म्हणाला, मी जातो. ती म्हणाली, चुलीवर खवा आहे, तो लागेल, तुम्ही ढवळत बसा. म्हणून तो बसला.

बऱ्याच वेळानं त्याच्या कानावर हाक आली. "धुळा." बाईचा आवाज होता, आणि कोंडाईसारखाच होता. तो उठला आणि दारापाशी थबकला. आमच्यात असं मानतात की धुक्यात चकवा फिरतो. ओळखीचा आवाज काढून माणसाला नावानं बोलावतो आणि पाण्याकडे नेतो. धुळाजीच्या मनात आलं, माझी बायको माझं नाव घेणार नाही. जीव गेला तरी घेणार नाही.

पुन्हा हाक आली. "धुळा, धुळा रं." त्यानं उंबऱ्यावर कोयता आडवा ठेवला, कारण लोखंड ओलांडून चकवा येत नाही. दार ओढून घेतलं आणि खवा ढवळत बसला. नंतर हाक आली नाही. त्याला वाटलं, टळलं. कोंडाई धुक्यामुळे शेजारच्या खोपटात थांबली असेल.

सकाळी धुकं उठलं तेव्हा पारडी काठावर उभी होती. तिच्या गळ्यातला दोर ताणून पाण्यात गेला होता, आणि त्याचं दुसरं टोक कोंडाईच्या मुठीत होतं. गाळानं तिला कमरेच्या वरपर्यंत धरलं होतं, आणि पाणी डोक्यावरून गेलं होतं. आधी तिनं "अवो" म्हणून किती वेळा बोलावलं असेल, कोणाला माहीत. धुक्यात "अवो" लांब जात नाही.

लोकांनी विचारलं, काही ऐकू आलं का? धुळाजी म्हणाला, नाही.

कोंडाईची आई ठकाई डोंगराखालच्या वाडीहून आली. तिनं रडून घेतलं आणि जावयाच्याच पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, हाक मारायलाही सवड मिळाली नसेल पोरीला. पटकन गेली, हाल झाले नाहीत, देवानं तेवढं केलं. पुढं दरवर्षी ती तळ्यावर यायची आणि हेच म्हणायची. येताना धुळाजीसाठी नाचणीच्या भाकरी आणायची. तो मान खाली घालून त्या खायचा. ती समोर बसलेली असायची, म्हणून खायचा. मनात म्हणायचा, म्हातारीला एवढाच आधार आहे, तो मी कसा काढून घेऊ. आणि हेही त्याला कळत होतं की त्या आधाराच्या आड तो स्वतःच लपला आहे.

मग त्याच्या पुतण्याचं, म्हाकूचं लग्न झालं. नवरा-नवरीला पाण्याच्या पूजेला इथं आणलं. ठकाईही आली होती. बायकांनी नवरीला अडवलं, नाव घेतल्याशिवाय पाण्याला हात लावू देणार नाही म्हणाल्या. कोणी म्हणालं, हिचाही आवाज कोंडाईसारखाच हळू आहे, ऐकू आलं का ते म्हशीला विचारावं लागेल. ठकाईसुद्धा हसली. नवरी पदर चावत उखाणा आठवू लागली.

धुळाजी मागं बसला होता. तो उठून पुढं आला.

"उखाणा नको, पोरी," तो म्हणाला. "नुसतं नाव घे. लांबच्या माणसाला हाक मारतात तशी मार."

त्याची भावजय, म्हाकूची आई, पुढं झाली. "भावजी, असं काय बोलता? माझ्या लेकाचं आयुष्य घटंल."

"घटू द्या, वैनी. माझं घटलं असतं तर बरं झालं असतं."

मग तो ठकाईकडे वळला. "मामी, कोंडीनं हाक मारली होती. नावानं मारली. मी ऐकली. मला वाटलं चकवा आहे, माझी बायको नाव घेणार नाही. मी दार लावून घेतलं."

ठकाईनं विचारलं, "किती येळा?"

"दोनदा. मी ऐकली ती दोनदा."

धुळाजीनं म्हाकूला पलीकडच्या काठावर पाठवलं आणि नवरीला सांगितलं, मार हाक. तिनं मारली. "म्हाकू." पलीकडून "ओ" आला. रांजण्यानं तो परत दिला, मग तिवईनं. असं सांगतात की त्या दिवसापर्यंत हे डोंगर आवाज परत देत नसत. खरंखोटं मला माहीत नाही.

ओ ऐकून ठकाई उठली. भाकरीचं फडकं तिथंच राहिलं. ती खिंडीकडे चालू लागली. धुळाजी बघत उभा राहिला. तिला मागून हाक मारायला त्याला तोंड नव्हतं. ती पुन्हा तळ्यावर आली नाही. तो उरलेला सगळा जन्म इथंच राहिला, आणि वाऱ्यानं पत्रावळ उडाली तरी "ओ" म्हणायचा, असं आजी सांगायची.

आजही आमच्याकडची प्रत्येक नवी नवरी या काठावर उभी राहून नवऱ्याला नुसत्या नावानं हाक मारते, आणि त्यानं लगेच ओ द्यायचा असतो. डोंगरांचा ओ विरेपर्यंत सगळे उभे राहतात. मग नवरीची आई उठते, ठकाई उठली होती तशी. तिला कोणी थांबवायचं नाही, मागून हाक मारायची नाही, निरोप द्यायचा नाही. ती जावयाकडे एकदा बघते आणि काही न बोलता खिंडीकडे चालू लागते.