नदीमाईच्या ओटीची कहाणी

ऐक नदीमाई, तुझीच कहाणी तुला सांगते. आटपाट नगर नव्हे, काठावरचं साधं गाव होतं. गावात एक सासू होती, यशोदाक्का. तिला एक सून होती, शेवंता, दिवस भरत आलेली. घरात गुरं होती, दाणा होता, आणि सासूचा शब्द होता. त्या शब्दापुढं सासऱ्याचं चालत नसे, मग मुलाचं कुठलं?

त्या गावची रीत अशी, की नदी म्हणजे माहेरवाशीण. ती घराच्या उंबऱ्याला लागली, की थोरल्या सवाशिणीनं तिची ओटी भरायची. मग ती मागं फिरते. यशोदाक्काच्या सासूनं एकदा भरली, नदी फिरली. यशोदाक्का म्हणे, माझ्या हातून का फिरणार नाही?

मग एके वर्षी काय झालं? पाऊस उघडेना. सासरा नि मुलगा गुरं घेऊन माळावर गेले. "नाव येईल, तिच्यातून या," असं बजावून गेले. सासूनं तबक घेतलं. खण ठेवला, नारळ ठेवला, तांदूळ ठेवले, आणि पुढच्या दाराशी जाऊन बसली.

पाणी पारापर्यंत आलं. केरबा नावाडी आला. "आक्का, चला." सासू म्हणाली, "अजून उंबऱ्याला लागली नाही. ओटी भरल्याशिवाय घर सोडायचं नाही."

मग पाणी अंगणात आलं. केरबा आला. "निदान सूनबाईला तरी धाडा." शेवंता म्हणाली, "आत्याबाईंना टाकून मी कशी येऊ?" सासू म्हणाली, "अजून उंबऱ्याला लागली नाही. ओटी भरल्याशिवाय घर सोडायचं नाही."

मग पायरी बुडाली. केरबा ओरडला, "आक्का, धार वाढली! ही शेवटची खेप!" सासू हलेना. तिचा डोळा उंबऱ्यावर. शेवंताच्या पोटात बाळ फिरलं.

आणि नदी उंबऱ्यानं आलीच नाही. मागून आली, मोरीतून आली. आधी बुडबुडे आले, मग गढूळ पाणी आलं. चूल विरघळली, दाण्याची कणगी कलंडली. सासू तबक घेऊन मागं धावली, पुढं धावली. "अगं, मागल्या दारानं आलीस? आता तुझी ओटी कुठं भरू?" म्हणाली, आणि मटकन् पाण्यातच बसली.

शेवंता कधी उलटून बोलली नव्हती. ती बोलली. "आत्याबाई, माहेरवाशीण आल्या आल्या कुणी ओटी भरतं का? ओटी भरतात ती जाताना. आली की आधी तिला बसायला जागा देतात. उठा, तिला जागा द्या. तुम्ही उठल्याशिवाय मी उठायची नाही, आणि मी उठल्याशिवाय हे पोटातलं वाचायचं नाही."

सासूनं सुनेकडं पाहिलं. तबक पाण्यात सोडलं आणि उठली. केरबानं हात दिला. नाव अंगणाबाहेर पडते न पडते, तोच मागची भिंत बसली.

माळावरच्या देवळात शेवंता बाळंत झाली, मुलगी झाली. सासूनं नात मांडीवर घेतली आणि पोटभर रडली.

मग पाऊस उघडला. पाणी उतरू लागलं. सगळी माणसं गावात आली. घर कसलं, चिखल होता. देवळातला नारळ घेऊन सासू पाण्याशी गेली. नदी पाठ फिरवून चालली होती. सासूनं ओटी भरली. आता रीत अशी, की ओटी भरून 'जा' म्हणायचं नाही, 'ये' म्हणायचं. सासूनं पडक्या भिंतीकडं पाहिलं. सगळे तिच्या तोंडाकडं बघत राहिले.

मग ती म्हणाली, "ये, बाई. गाव तुझंच आहे. आम्ही जागा देऊ. फक्त माझ्या लेकरांना उठायला वेळ दे."

नदीमाई, त्यांना दिलास तसा आम्हां सगळ्यांना वेळ दे, आणि वेळेवर उठायची बुद्धीही दे. ही पुराएवढी कहाणी ओंजळभर उत्तरांत सुफळ संपूर्ण.