माठाच्या आतला गोटा

माणसं आणि अवजारं एकमेकांशी बोलत होती, त्या काळातली ही गोष्ट. सारजा कुंभारणीकडे एक लाकडी थापी होती आणि एक गुळगुळीत दगडी गोटा. ओलसर मडकं मांडीवर घेऊन सारजा डाव्या हाताने गोटा आतून धरायची आणि उजव्या हाताने बाहेरून थापी मारायची. मार खात खात मडकं मोठं व्हायचं.

एकदा थापी गोट्याला म्हणाली, "मडकं घडवते मी. तू नुसता अंधारात टेकून बसतोस."

ते गोट्याच्या मनाला लागलं.

दुसऱ्या दिवशी सारजाने माळावरच्या पाणपोईचा माठ थापायला घेतला. गेल्या उन्हाळ्यात तिच्या मुलाचा त्याच माळावर पाण्यावाचून जीव गेला होता. माठाचं पोट जेमतेम गोल झालं होतं, तेवढ्यात गोट्याने अंग चोरलं. थापी पडली ती थेट आरपार गेली.

सारजा रडली नाही. भोकातून दिसणाऱ्या गोट्याकडे पाहून म्हणाली, "माझा हात आत होता रे. तूच नव्हतास."

सारजाने फुटका माठ पाण्यात भिजवला आणि तीच माती पुन्हा मळायला घेतली.

तेव्हापासून प्रत्येक फटक्याआधी थापी हळूच विचारते, "आहेस ना?"

मडक्याच्या पोटातून उत्तर येतं, "आहे. मार."